टीव्ही घरमालकाचा, बातम्या मराठी; मग लायसन्स कशाचं?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही गेल्या वर्षी नाशिकहून इंग्लंडमध्ये रेडिंगला आलो. नवरा आयटीत आहे, मी सध्या घरी असते, मुलगी चार वर्षांची आहे. भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालकाचा मोठा टीव्ही भिंतीवर लावलेला आहे. अँटेना नाही, डिश नाही, सगळं वायफायवर चालतं. आता सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले आहेत. बाबा सकाळपासून यूट्यूबवर मराठी बातम्यांची वाहिनी लावून बसतात. आई दुपारी त्यांच्या टॅबवर मालिका बघतात. मुलगी आयप्लेअर नावाच्या अॅपवर सीबीबीज ही लहान मुलांची वाहिनी बघते. आम्ही दोघं रात्री नेटफ्लिक्स. टीव्ही बघण्याचा परवाना, म्हणजे लायसन्स, देणाऱ्या 'टीव्ही लायसन्सिंग'ची पत्रं सारखी येतात. त्यांवर आमचं नाव नसतं, नुसतं 'लीगल ऑक्युपायर' (घरात कायदेशीर राहणारा) असतं. नवरा म्हणतो, आपण बीबीसी बघत नाही, टीव्हीही आपला नाही, पत्रं फेकून दे आणि कुणी आलं तर दार उघडू नकोस. बाबा म्हणतात, घरात सेट आहे म्हणजे लायसन्स काढलंच पाहिजे. जर्मनीतले माझे दीर म्हणतात, बघा नाहीतर बघू नका, सगळ्यांनाच भरावं लागतं. दिवसभर घरी मी असते. बेल वाजली की छातीत धस्स होतं. खरं काय आहे? आणि याचा व्हिसावर काही परिणाम होतो का?
– नाव छापू नये ही विनंती, रेडिंग

उत्तर

नमस्कार.

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. तुमच्या घरात आज जे बघितलं जातंय, त्याला ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे टीव्ही लायसन्स लागतं. संच कुणाचा, वाहिनी कुठली, छतावर अँटेना आहे की नाही, यांतल्या कशानेही त्यात फरक पडत नाही. मात्र लायसन्स न काढता राहण्याचा सरळ, कायदेशीर मार्गही तुमच्यापुढे आहे. त्यासाठी घरातल्या तिघांच्या सवयी बदलाव्या लागतील. सवयी बदलायच्या की पैसे भरायचे, हे तुम्ही चौघं मोठ्या माणसांनी एकत्र बसून ठरवा. आज हे सगळं ओझं तुमच्या एकटीवर पडलं आहे, आणि तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट तीच आहे.

बाबांपासून सुरुवात करू. ते म्हणतात ते इथे लागू नाही, पण ते उगाचही बोलत नाहीत. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याखाली संच नुसता बाळगायलाही परवाना लागायचा. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर नोंद करून आणायची. रेडिओसाठी हे करावं लागे, पुढे टीव्हीसाठीही करावं लागलं. ही फी १९८० च्या दशकात रद्द झाली. ज्यांनी ते सगळं केलं आहे, त्यांच्या डोक्यात संच आणि परवाना ही जोडी पक्की बसलेली असते. ब्रिटनमध्ये संच घरात असणं हा गुन्हा नाही. भिंतीवरच्या त्या टीव्हीवर तुम्ही नुसतं नेटफ्लिक्स बघितलं, मुलीच्या वाढदिवसाचे व्हिडिओ लावले, गेम खेळलात, तर एक पैसाही भरायला नको.

दिरांचंही त्यांच्या देशापुरतं बरोबर आहे. जर्मनीत २०१३ पासून हे शुल्क घरामागे घेतलं जातं. घरात टीव्ही, रेडिओ, कॉम्प्युटर असो वा नसो, घर आहे म्हणजे भरायचं. गेली काही वर्षं ते महिन्याला १८.३६ युरो आहे. फ्रान्सने असलं शुल्क २०२२ मध्ये रद्दच करून टाकलं. युरोपात प्रत्येक देशाची रीत वेगळी आहे, त्यामुळे एका देशातल्या नातेवाइकाचा अनुभव दुसऱ्या देशात धरून चालू नका.

आता ब्रिटन. इथे २००३ चा कम्युनिकेशन्स कायदा आणि त्याखालचे २००४ चे नियम चालतात. त्यांत टीव्हीच्या डब्यापुरतंच काही म्हटलेलं नाही. टीव्हीचा कार्यक्रम ज्याच्यावर बघता येतो ते कुठलंही उपकरण त्यात येतं: फोन, टॅब, लॅपटॉप, गेमचा कन्सोल, टीव्हीला मागून लावायची स्टिक, सगळं. म्हणून 'आम्ही तर मोबाइलवर बघतो' या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. तुम्ही दोनच प्रश्न विचारा. पडद्यावर जे दिसतंय ते याच वेळी एखाद्या वाहिनीवर किंवा ऑनलाइन सेवेवर थेट प्रसारित होतंय का? आणि ते बीबीसीच्या आयप्लेअरवरचं आहे का? एकाचं जरी उत्तर 'हो' आलं, तरी लायसन्स हवं.

पहिला प्रश्न बाबांच्या बातम्यांना लावून बघा. मराठी वृत्तवाहिनी यूट्यूबवर चोवीस तास चालू असते, आणि बाबा ती चालू असतानाच बघतात. हे थेट प्रसारण झालं. वाहिनी मुंबईची आहे, भाषा मराठी आहे, बीबीसीचा तिच्याशी काडीचा संबंध नाही, तरीही लायसन्स लागतं, कारण नियम परदेशी वाहिन्यांनाही सारखाच आहे. त्याच वाहिनीने नंतर चढवलेला दहा मिनिटांचा बातमीचा तुकडा त्यांनी बघितला, तर मात्र लागत नाही. आषाढीची महापूजा वाहिनीवर सुरू असताना बघितली तर लागेल. संध्याकाळी तिचा चढवलेला व्हिडिओ बघितला तर लागणार नाही.

आईंची मालिका जरा नीट बघावी लागेल. तुम्ही 'दुपारी' लिहिलंय म्हणून विचारते. भारतात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तुमच्याकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन आणि हिवाळ्यात अडीच झालेले असतात. आई नेमक्या त्या वेळेला टॅब घेऊन बसत असतील, तर अॅपवर वाहिनी थेट लावलेली असण्याचा संभव आहे. तसं असेल तर लायसन्स हवं. मध्येच थांबवून चहा करून आल्या आणि पुन्हा तिथूनच लावलं, तरी ते थेटच धरलं जातं. चालू कार्यक्रम नंतरसाठी रेकॉर्ड केला तरी तेच. पण प्रसारण संपल्यावर त्याच अॅपवर आलेला भाग सावकाश, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी बघितला, तर काही लागत नाही.

टॅब आईंचा स्वतःचा आहे, भारतातून आणलेला आहे, याने सूट मिळत नाही. एक सवलत आहे, तिच्याबद्दल लोकांत बरेच गैरसमज आहेत. ब्रिटनमधल्याच दुसऱ्या एखाद्या घराचं लायसन्स असेल, तर त्या घरातल्या माणसाला बाहेर असताना बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणावर बघता येतं, फक्त ते उपकरण तेव्हा विजेच्या प्लगला किंवा अँटेनाला जोडलेलं नसावं. होस्टेलवर राहणाऱ्या मुलांना आई-वडिलांच्या घरच्या लायसन्सवर ही सोय मिळते. नाशिकच्या घरावरून ती मिळण्याचा प्रश्नच नाही.

राहिली तुमची लेक. मिस्टर म्हणतात आपण बीबीसी बघत नाही, पण सीबीबीज ही बीबीसीचीच लहान मुलांची वाहिनी आहे, आणि आयप्लेअर तर पूर्णपणे बीबीसीचा. इथे दुसरा प्रश्न लागू होतो. १ सप्टेंबर २०१६ पूर्वी आयप्लेअरवर जुने भाग लायसन्सशिवाय बघता येत होते. तेव्हापासून आयप्लेअरवर बीबीसीचं थेट, जुनं, डाउनलोड केलेलं, काहीही बघायला लायसन्स लागतं. अॅप तुम्हाला 'लायसन्स आहे का?' असं विचारतं, आणि 'हो' दाबलं की पुढे जाऊ देतं. चार वर्षांच्या मुलीसाठी घाईघाईत आपण 'हो' दाबतो. ते बटण आजपासून दाबू नका. बीबीसीचा रेडिओ मात्र तुम्ही खुशाल ऐका, त्याला लायसन्स नाही.

लायसन्सचे पैसे बीबीसीसाठी असतात; मग ते मराठी बातम्या बघणाऱ्याने का द्यावेत, हा तुमच्या घरातला राग मला कळतो, आणि तो मला रास्त वाटतो. हा नियम घरात एक संच, छतावर एक अँटेना आणि वाहिन्या मोजक्या, अशा काळातून आलेला आहे. १९२२ मध्ये रेडिओसाठी दहा शिलिंगांपासून हे सुरू झालं आणि १९४६ मध्ये टीव्ही त्यात आला. आता तो बदलायला हवा असं माझं मत आहे. पण आज तो लागू आहे, आणि दंड झाला तर तो तुमच्या पत्त्यावर येईल. 'बघणारे पाहुणे आहेत, आम्ही नाही' असंही म्हणता येणार नाही. उपकरण ज्याच्या ताब्यात आहे आणि दुसरा कुणी त्यावर बघतोय हे ज्याला माहीत आहे, त्यालाही कायद्याने जबाबदार धरलं आहे. संच घरमालकाचा असला तरी वापरणारे तुम्ही आहात, म्हणून लायसन्सही तुम्हीच काढायचं. भाडेकरारात तसं लिहिलेलं आहे का, तेही एकदा बघा.

मग करायचं काय? मला विचाराल तर सासू-सासरे आहेत तोवर लायसन्स काढा. परक्या देशातल्या थंडीत, ओळखीचं कुणी नसताना, बाबांना सकाळच्या बातम्यांचा आधार आहे आणि आईंना त्यांच्या मालिकेचा. सहा महिने त्यांच्यावर पाळत ठेवायची, 'बाबा, हे थेट आहे, बंद करा' असं दिवसातून चार वेळा सांगायचं, हे काम पुन्हा तुमच्याच गळ्यात पडेल. त्यापेक्षा पैसे भरलेले बरे. १ एप्रिल २०२५ ला वर्षाची फी १७४.५० पौंड झाली होती. ही रक्कम एप्रिलमध्ये बदलते, म्हणून भरण्याआधी चालू आकडा बघून घ्या. एका घराला एकच लायसन्स पुरतं. संच कितीही असोत, राहणारे आणि आलेले पाहुणे सगळे त्यात येतात. घरातल्या एखाद्या खोलीचा वेगळा भाडेकरार असेल, तरच त्या खोलीला वेगळं काढावं लागतं, आणि तुमच्याकडे तसं काही नाही.

पूर्ण वर्षाचे पैसे वाया जातील असं समजू नका. लायसन्सची गरज संपली, ते संपायला निदान एक पूर्ण महिना उरला असेल आणि त्या मुदतीत तुम्हाला ते पुन्हा लागणार नसेल, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागता येतात. मासिक डायरेक्ट डेबिट लावलंत तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. पहिल्या वर्षाची रक्कम सुरुवातीच्या सहा महिन्यांतच कापून घेतात, त्यामुळे हप्ता अपेक्षेच्या दुप्पट दिसतो. म्हणजे सासू-सासरे परत जातील तेव्हा तुमचे वर्षाचे पैसे जवळजवळ भरून झालेले असतील. त्या वेळी नुसतं बँकेत डेबिट थांबवू नका. टीव्ही लायसन्सिंगकडे लायसन्स रद्द करा आणि परतावा मागा. मात्र त्या दिवसापासून घरात थेट काही नाही आणि आयप्लेअर नाही, हे खरंच पाळता यायला हवं. लेकीला सीबीबीजशिवाय करमणार नसेल तर लायसन्स चालू ठेवा. मुलांसाठी तिथे फार चांगलं काम होतं, आणि त्या पैशांचा मला तरी पस्तावा वाटणार नाही.

पंचाहत्तरीनंतर लायसन्स फुकट मिळतं असं बाबांना कुणीतरी मंडळात सांगेल. ते पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी सरकारी मदत) घेणाऱ्या इथल्या रहिवाशांसाठी आहे. भेटीला आलेल्यांना मिळत नाही.

पैसे भरायचे नाहीत असं सगळ्यांचं ठरलं, तर तेही चालेल. मग आयप्लेअर टीव्हीवरून काढून टाका. बाबांना बातम्यांचे चढवलेले व्हिडिओ एका यादीत लावून द्या, आणि आईंची मालिका दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर बघायची असं ठरवा. हे मिस्टरांनी आपल्या आई-वडिलांना समजावून सांगावं, सुनेवर सोपवू नये. मग टीव्ही लायसन्सिंगच्या संकेतस्थळावर 'आम्हाला लायसन्सची गरज नाही' असं कळवा. असं कळवणं सक्तीचं नाही, पण कळवलं की पत्रांचा मारा बराच काळ थांबतो. नंतर ते पुन्हा विचारतात, आणि खात्री करायला माणूसही पाठवू शकतात. आजची परिस्थिती तशीच ठेवून मात्र हे कळवू नका. ते खोटं निवेदन होईल.

आता दाराबद्दल. येणारा माणूस पोलीस नसतो. तो टीव्ही लायसन्सिंगसाठी काम करणाऱ्या कंपनीचा चौकशी अधिकारी असतो. त्याच्याकडे ओळखपत्र असतं, ते मागा. तुमच्या परवानगीशिवाय तो घरात पाऊल टाकू शकत नाही. कोर्टाचं वॉरंट असेल तरच येऊ शकतो, आणि असं वॉरंट फार क्वचित निघतं. 'मला आत्ता बोलायचं नाही, कृपया जा' असं तुम्ही शांतपणे म्हणू शकता, आणि त्याने जायला हवं. तो प्रश्न विचारून उत्तरं फॉर्मवर लिहितो आणि सही मागतो. घाबरून, अर्धवट समजून सही करू नका. त्या कागदावरूनच पुढे खटला उभा राहतो. खोटंही बोलू नका. गप्प राहण्याचा हक्क आहे, तोच वापरा.

'दार उघडू नकोस' हा मिस्टरांचा सल्ला मला अजिबात पटला नाही, आणि त्याचं कारण त्यांना वाचून दाखवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये टीव्ही लायसन्सच्या खटल्यांत गेली अनेक वर्षं दहापैकी सात किंवा त्याहूनही जास्त स्त्रिया असतात. हे इतकं विषम आहे की बीबीसीने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये त्यावर अहवाल काढले. त्याचं एक मोठं कारण साधं आहे. दिवसा घरी बाई असते, दार ती उघडते, प्रश्नांची उत्तरं ती देते आणि नाव तिचं लिहून घेतलं जातं. घरात लायसन्स न काढायचं ठरवणारा भलताच कुणी असतो. तुमच्या घरात नेमकं हेच होऊ घातलंय. लायसन्स काढलंत तर ते मिस्टरांच्या नावावर काढा, आणि डेबिटही त्यांच्या खात्यातून जाऊ द्या.

व्हिसाचं म्हणाल, तर नाव नसलेलं पत्र आलं किंवा माणूस दाराशी येऊन गेला, एवढ्याने व्हिसाला काहीही होत नाही. लायसन्सशिवाय बघणं हा फौजदारी गुन्हा आहे. त्याला तुरुंगवास नाही, पण १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, वर कोर्टाचा खर्च. व्हिसा वाढवताना आणि कायम वास्तव्याचा अर्ज करताना झालेल्या शिक्षांबद्दल प्रश्न असतात, आणि तिथे खरंच लिहावं लागतं. दंड होऊन गेला असेल, तर अर्ज भरण्याआधी नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला दाखवा. तुमच्यावर अजून तशी काही वेळ आलेली नाही. मागच्या महिन्यांचा कबुलीजबाब लिहून पाठवायचीही गरज नाही. लायसन्स आजच्या तारखेपासून घ्या.

'ताई, शंभर पौंडांत सगळ्या भारतीय वाहिन्या' म्हणून डबा विकणारा कुणीतरी तुमच्या आसपासही भेटेल. त्या डब्याला हात लावू नका. चोरून दाखवलेल्या वाहिन्या लायसन्स असलं तरी चोरीच्याच राहतात, आणि लायसन्स नसेल तर तुमच्यावर दोन गुन्हे होतात. व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्या देशातून बघतोय असं भासवणारं सॉफ्टवेअर, लावल्यानेही काही बदलत नाही. तुम्ही रेडिंगमध्ये बसून बघताय, एवढंच कायदा विचारतो.

ईमेलने आलेल्या मागणीपासूनही सावध राहा. 'तुमचं लायसन्स संपलं, इथे कार्डाची माहिती भरा' असे बनावट मेल इथे सर्रास येतात. लायसन्स कधी काढलंच नसेल, तर ते संपेल कसं? मेलमधल्या दुव्यावर न जाता ब्राउझरमध्ये टीव्हीलायसन्सिंग डॉट को डॉट यूके हा पत्ता स्वतः टाइप करून जा आणि तिथेच भरा.

घरी येणारी पत्रं आजपासून न उघडता फेकू नका. बहुतेक पत्रं नुसत्या इशाऱ्याची असतात, ती बाजूला ठेवली तरी चालतात. पण एखाद्या पाकिटावर तुमचं किंवा मिस्टरांचं नाव असेल आणि आत 'सिंगल जस्टिस प्रोसिजर नोटिस' असं लिहिलेलं असेल, तर तो कोर्टाचा कागद आहे. त्याला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर न दिलेल्या कित्येकांचा निकाल त्यांच्या पाठीमागे लागून जातो आणि त्यांना दंडाचं पत्र आल्यावरच कळतं. असा कागद आला तर त्याच दिवशी सिटिझन्स अॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेला फोन करा. तिथला सल्ला मोफत असतो.